चोर घेऊन या

"चोर घेऊन या," असं नगरपालिकेच्या अलार्म कक्षातल्या कारकुनाने मला सांगितलं, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या मागे एखादा हवालदार उभा असेल आणि हे त्याला उद्देशून चाललं असेल. मागे कोणीच नव्हतं. पाण्याचं एक पिंप होतं आणि साखळीने बांधलेला पेला होता. त्या साखळीला लावलेलं कुलूप इतकं हलक्या प्रतीचं होतं की केसाच्या आकड्याने उघडलं असतं. पण सरकारी पेला कोण नेणार, आणि नेला तर मी कशाला बोलू?

"कोणता चोर?" मी विचारलं.

"तुमच्या घरात शिरलेला. चोर असेल तर अलार्म खरा. चोर नसेल तर खोटा. खोटा असेल तर तुमच्या घराचे दोन खोटे झाले. वर्षात तीन खोटे झाले की परवाना रद्द, जोडणी बंद. पुढचे!"

पुढचं कोणी नव्हतं. तरी तो "पुढचे" म्हणाला आणि दाराकडे बघत बसला. म्हणजे मी तिथे असूनही नव्हतो. जन्मभर कुलपं करणाऱ्या माणसाला असं उभं करून ठेवणं मला लागलं.

हो, मी कुलपं करायचो. करायचो, दुरुस्त करायचो आणि ज्यांच्या किल्ल्या हरवल्या त्यांची दारं उघडूनही द्यायचो. या धंद्यात माणूस संशयी होतो, त्याला इलाज नाही. कोणी गोड आवाजात म्हणालं, "किल्ली आत राहिली हो," की मी आधी दारावरची पाटी वाचायचो, मग शेजाऱ्याला विचारायचो हा माणूस इथेच राहतो का, आणि मग तो शेजारी तरी शेजारीच आहे का हे तिसऱ्याला विचारायचो. तोवर बिचाऱ्याचं दूध आत उतू गेलेलं असायचं. पण माझ्या हातून चोराला दार उघडून दिलं गेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

अशा माणसाच्या घरी अलार्म बसवणं म्हणजे शिंप्याला तयार कपडे भेट देण्यासारखं आहे. ते काम माझ्या लेकीने केलं. ती दुसऱ्या शहरात बाराव्या मजल्यावर राहते. तिचं दार अंगठा टेकवला की उघडतं. मला असल्या दाराचा भरवसा नाही. भाजी चिरताना अंगठा कापला तर माणसाने जिन्यात राहायचं का? आमच्या मागच्या गल्लीत एक चोरी झाली आणि लेकीच्या डोक्यात अलार्म शिरला. ती सुट्टी काढून आली, माणूस बोलावला, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक पांढरी डबी आणि छताला दुसरी डबी बसवून घेतली. कोपऱ्यातली चोरासाठी, छतातली धुरासाठी. दोन्हींची तार नगरपालिकेच्या नियंत्रण कक्षाला.

परवान्याचा अर्ज मी स्वतः भरला. कोणाला हात लावू दिला नाही. मी लिहायला शिकलो ते मोठेपणी, लेक शाळेत जायला लागली तेव्हा तिच्याच पाटीवर. ती अक्षर काढायची, मी गिरवायचो, ती पुसून "परत" म्हणायची. त्यामुळे कागद दिसला की मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि वाचलेलं पाळतो. अर्जात एक रकाना होता: घरात प्रवेशाची परवानगी असलेल्या व्यक्ती. मी माझं नाव लिहिलं, बायकोचं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"अहो, लेकीचं घाला की," बायको म्हणाली.

"ती राहते का इथे?"

"लेक आहे ती आपली."

"मी कुठे नाही म्हणतोय? पण जितकी नावं जास्त तितका धोका जास्त. हे माझं शास्त्र आहे."

"मग माझंही खोडा," ती म्हणाली आणि निघून गेली. मी खोडलं नाही. विचार मात्र केला.

अलार्म बसवणारा माणूस गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर गुप्त आकडा बदलला. त्याने तो लेकीसमोर, माझ्यासमोर आणि खिडकीतून बघणाऱ्या समोरच्या वहिनींसमोर टाकला होता. त्यात गुप्त काय राहिलं? नवा आकडा मी फक्त बायकोला सांगितला, तोही रेडिओ मोठा करून, कानात. लेक तोवर परत गेली होती. अशा गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात.

आता पहिल्या अलार्मबद्दल. तो माझ्यामुळे वाजला, हे मी मान्य करतो. आमच्या धंद्यात कुलूप तयार झालं की ते गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी आपणच फोडून पाहायचं, अशी रीत आहे. ज्याला आपलं कुलूप फोडता येत नाही त्यालाच ते विकायचा हक्क. तर मी अलार्म लावला, बाहेर गेलो आणि चोर कुठून येईल याचा विचार करून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरायला लागलो. अर्धा शिरलो. बाकीचा अर्धा पूर्वी शिरला असता, आता शिरेना. डोकं ओट्यावर, पाय गल्लीत. अलार्म वाजला, म्हणजे यंत्र चांगलं आहे असं वाटून मला आनंद झाला. तेवढ्यात गस्तीची गाडी आली. त्यांनी माझे पाय पाहिले आणि पकडले.

"सोडा, मी मालक आहे!" मी ओट्यावरून ओरडलो.

"सगळे तेच म्हणतात," बाहेरून आवाज आला.

शेजारचे गृहस्थ धावत आले. त्यांना आम्ही हवामान खातं म्हणतो, कारण ते प्रत्येक गोष्टीचा अंदाज सांगतात आणि त्याच्या बरोबर उलटं घडतं. त्यांनी माझे पाय ओळखले. नुसत्या चपलांवरून ओळखले. शेजाऱ्याने आपल्या चपला इतक्या बारकाईने पाहाव्यात, हे मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं.

रात्री लेकीचा फोन आला. तिला कोणी सांगितलं हे मला आजवर कळलेलं नाही, संशय तिघांवर आहे.

"बाबा, हे असं तीनदा झालं ना, तर मी तुम्हा दोघांना उचलून इकडे आणणार. खोली रिकामी करून ठेवलीय. पलंगही घेतलाय."

"मी काय सामान आहे?"

"तुम्ही खिडकीत अडकलात, बाबा."

मी फोन ठेवला. माझ्या मागच्या खोलीत माझं कामाचं टेबल आहे. सागाचं, जाड फळीचं, त्याला कुलूप घट्ट पकडायचा लोखंडी शिकंजा कायमचा बसवलेला. भिंतीवर कानशी टांगलेल्या. अजून लोक जुनी कुलपं घेऊन येतात, मी खाटखूट करत बसतो, दिवस जातो. बाराव्या मजल्यावर मी काय करणार? अंगठा टेकवून दार उघडणार आणि अंगठा टेकवून लावणार? माझी लेक बोलते ते करते. तिने एकदा "परत" म्हटलं की पाटी पुसलीच म्हणून समजा. म्हणजे माझ्याकडे दोनच राहिले होते.

आणि मग दुसरा वाजला.

भर दुपारची वेळ. मी लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो होतो आणि बायको तिच्या बहिणीकडे. परत येतो तो दारात गस्तीची गाडी, हवामान खातं आणि समोरच्या वहिनी. घरात कोणी नाही. काही गेलेलं नाही. मी भिंग आणून दाराचं कुलूप तपासलं. एक ओरखडा नाही. म्हणजे जो आला तो किल्लीने आला आणि किल्लीनेच गेला. हे माझं कुलूप होतं, माझ्या हातचं. त्याला मनवून उघडणारा माणूस या शहरात असता, तर मी त्याला ओळखत असतो.

"वारा असेल," हवामान खातं म्हणालं. त्यावरून वारा नव्हता हे नक्की झालं.

"मी पाहिलं ना," समोरच्या वहिनी म्हणाल्या. "मागच्या बोळाकडे कोणीतरी पळत गेलं. तोंडाला रुमाल बांधलेला. हातात काहीतरी पिवळं होतं. लांबच लांब. आणि एकदम सळसळत आत गेलं."

"आत म्हणजे कुठे?"

"हातात! होतं होतं आणि नाहीसं झालं."

"साप," हवामान खातं म्हणालं. "साप सोडून चोऱ्या करणारी टोळी आहे. मी म्हणतच होतो."

मला मात्र ती पोलादी पट्टी वाटली. दाराच्या फटीतून घालून कडी सरकवायची पट्टी असते, तशी. म्हणजे माहितगार माणूस. म्हणजे धंद्यातला. त्या रात्री मी शहरातल्या सगळ्या कुलूपवाल्यांवर एकेक करून संशय घेतला. त्यातले काही वारले आहेत, त्यांनाही सोडलं नाही.

याच अलार्मसाठी मी अलार्म कक्षात गेलो होतो. घरी आलेल्या सूचनेत कारणाच्या रकान्यात छापील पर्याय होते: पाळीव प्राणी, वारा, मालकाची चूक. माझ्यापुढे मालकाची चूक यावर खूण केली होती. पहिल्या वेळी मी गप्प बसलो, कारण चूक होती. या वेळी मी दुकानात खिळे मोजून घेत होतो. मी ती खूण खोडायला गेलो आणि तिथे मला चोर आणायला सांगण्यात आलं.

चोर नसेल तर निदान पोलिसांचा कागद चालेल, असं कारकुनाने मेहेरबानी म्हणून सांगितलं. मी चौकीत गेलो.

"काय चोरीला गेलं?" तिथल्या फौजदाराने विचारलं.

"काही नाही."

"मग तक्रार कसली?"

"चोर आला आणि काही न नेता गेला, हीच तक्रार."

त्याने लेखणी खाली ठेवली. "आजोबा, काहीतरी गेलं असेल. नीट आठवा. एखादं घड्याळ?"

"नाही."

"मग जा बरं घरी. काही गेलं की या."

घरी येताना मी असा माणूस झालो होतो, ज्याला आपल्या घरी चोरी न झाल्याचं दुःख आहे. शेजारीपाजारी सांत्वन करायला लागले. "थोडक्यात वाचलात" म्हणण्याऐवजी "काहीच नेलं नाही? अरेरे," म्हणायला लागले. हवामान खात्याने तर त्यांचं एक बंद पडलेलं घड्याळ देऊ केलं, चोरीला गेलं म्हणून सांगायला.

मग मी स्वतःच तपास सुरू केला. किल्लीने कोणी आलं असेल, तर किल्ल्या कोणाकडे आहेत? एक माझ्या कमरेला. एक बायकोच्या पर्समध्ये. मी बायकोकडे बघितलं. तिने नजर चुकवली. इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोवर संशय घ्यायची पाळी यावी!

"अजून किल्ली कोणाकडे आहे?" मी विचारलं.

"कोणाकडे असणार?"

"माझ्याकडे बघून सांग."

तिने लाटणं ओट्यावर आपटलं. "समोरच्या वहिनींकडे आहे. आपण गावाला गेलो की कुंड्यांना पाणी कोण घालतं असं वाटतं तुम्हाला? आभाळ?"

मी तसाच चपला घालून समोर गेलो. वहिनी गॅलरीतच होत्या, त्या दुसरीकडे कधी नसतात.

"वहिनी, आमची किल्ली."

"घ्या बाई तुमची किल्ली! मला काय करायचीय? तुमच्या घरात आहे काय नेण्यासारखं? कुलपंच तर आहेत!" त्यांनी वरूनच किल्ली टाकली.

मी ती हातात घेतली आणि मला जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं. ती किल्ली माझ्या हातची नव्हती. बाजारातल्या यंत्रावर कापलेली, दात खडबडीत, कडा न घासलेल्या. माझ्या बायकोने, कुलूपवाल्याच्या बायकोने, माझ्या कुलपाची किल्ली बाहेरच्या माणसाकडून करून घेतली होती! घरी जाऊन मी ती तिच्यापुढे ठेवली.

"तुमच्याकडे मागितली असती तर दिली असती का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग?"

त्या दिवशी मी जेवलो, पण न बोलता जेवलो. किल्ली कुलपात घालून पाहिली तर ती अर्ध्यात अडकत होती. म्हणजे वहिनी सुटल्या. त्या इतक्या दिवस कुंड्यांना पाणी खिडकीतून घालत असाव्यात.

एका माणसावर संशय घ्यायचं मात्र मी विसरलो होतो. आयुष्यात पहिल्यांदाच विसरलो, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं.

हवामान खात्याने सल्ला दिला, "पावडर टाका. अंगाला लावायची. जमिनीवर पसरा, पाऊल उमटेल. पावलावरून माणूस सापडतो."

त्यांचा सल्ला म्हणून मी तो धुडकावणार होतो. पण विचार केला, पाऊल उमटलं की तो पुरावा झाला. पुरावा झाला की चोर झाला. चोर झाला की दुसरा अलार्म खरा, आणि माझे पुन्हा दोन शिल्लक. कुलूप मी मुद्दामच बदललं नव्हतं. बदललं तर चोर यायचा कसा?

मी बेत आखला. गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला सांगितलं, "गुरुवारी दुपारी आपण दोघं तुझ्या बहिणीकडे जाऊ हं! संध्याकाळपर्यंत यायचं नाही!" तिनेही हे फोनवर इकडेतिकडे सांगितलं असणार, ती कुठलीच गोष्ट पोटात ठेवत नाही. गुरुवारी दोघं वाजतगाजत निघालो. कोपऱ्यावर मी तिला बहिणीकडे पाठवलं आणि मागच्या बोळातून परत आलो. कोपऱ्यातला चोराचा अलार्म बंद केला, म्हणजे तिसरा वाजायची भीती नाही. मग बायकोचा पावडरचा डबा घेतला आणि दिवाणखान्यात शिंपडायला लागलो. थोडी शिंपडली तर पाऊल नीट उमटणार नाही, म्हणून डबा रिकामा केला. दुसरा नवा डबा कपाटात सापडला, तोही रिकामा केला. घर बाळासारखं दिसायला लागलं आणि तसाच वास सुटला. मी मागच्या खोलीत टेबलाआड स्टुलावर बसलो. हातात मोठी कानस.

बराच वेळ काही नाही. मग दारात पावलं वाजली. किल्ली कुलपात गेली.

किल्ली कुलपात जाताना आवाज होतो. लोकांना तो एकच वाटतो. मला तो माणसाच्या आवाजासारखा ओळखू येतो. ही किल्ली अडकली नाही, खरडली नाही, गुळगुळीत गेली. ती माझ्याच हातची होती. आणि ती कधी केली हेही मला त्या क्षणी आठवलं. पण तोवर उशीर झाला होता.

दार उघडलं. बाहेरचा वारा आत आला आणि दोन डबे पावडर जमिनीवरून उठली. दिवाणखान्यात ढग झाला. छतातल्या डबीला धूर आणि पावडर यांतला फरक कळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कागदावरही ते लिहिलेलं नव्हतं. ती डबी अशी काही बोंबलायला लागली की भिंतीवरच्या कानशी थरथरल्या.

ढगातून एक पांढरी आकृती खोकत पुढे आली. पांढरे केस, पांढऱ्या भुवया, तोंडाला रुमाल, हातात आपोआप गुंडाळली जाणारी पिवळी मोजायची पट्टी. मी कानस उगारली.

"बाबा! तुम्ही घरी?"

"तू?"

"तुम्ही आत्याकडे... मावशीकडे गेला होतात ना?" घाबरली की ती नाती चुकते, लहानपणापासून.

तेवढ्यात अग्निशामक दलाचा बंब आला. त्यांनी आम्हा दोघांना चादरीत गुंडाळून बाहेर रस्त्यावर बसवलं. वहिनी गॅलरीतून ओरडल्या, "अहो, हाच तो पिवळा!" हवामान खातं म्हणालं, "बघा, मी म्हटलं नव्हतं, पावलावरून माणूस सापडतो." त्यांचा अंदाज पहिल्यांदा खरा ठरला, तेव्हापासून त्यांच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

चादरीत बसून लेकीने सगळं सांगितलं. किल्ली तिला शाळेत असताना मीच करून दिली होती. ती कामासाठी शहरात आली होती. आम्ही नसताना येऊन माझ्या टेबलाची मापं घ्यायची होती. तिच्या रिकाम्या खोलीत ते मावेल का हे पाहायला. मला विचारलं असतं तर मी टेबलाला हात लावू दिला नसता, हे तिला पक्कं ठाऊक. तिने जुना आकडा टाकला, अलार्म वाजला, ती घाबरून, पण दाराला कुलूप लावूनच, मागच्या बोळाकडे पळाली. तोंडाला रुमाल बोळातल्या धुळीसाठी बांधला होता. मापं अर्धी राहिली म्हणून परत आली. आम्ही गुरुवारी बाहेर असल्याचं तिला तिच्या आईनेच फोनवर सांगितलं होतं.

"आकडा बदललात तर मला सांगायचा ना, बाबा."

"फोनवर कसा सांगणार?"

तिने कपाळाला हात लावला. त्यावर पावडरीचा पंजा उमटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अलार्म कक्षात गेलो. बायको आली, कारण तिला हे बघायचंच होतं.

"चोर आणला?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"आणला."

"कुठे आहे?"

"मी," लेक म्हणाली.

त्याने मान वर केली. चांगल्या साडीतली, पर्स घेतलेली, नोकरीतली बाई. त्याने आमचा परवाना काढला आणि बोट फिरवलं. "यांचं नाव परवानगीत आहे? नाही. बस, झालं की. परवानगी नसलेल्या व्यक्तीचा प्रवेश. दुसरा अलार्म खरा. कालचा धरून तुमचे खोटे दोनच होतात. आजोबा, सुटलात."

मी इतका खूश झालो की त्याचा हातच धरला. टेबल वाचलं, घर वाचलं, मालकाची चूक खोडली गेली. मग मी लेकीकडे पाहिलं.

तिने तो कागद स्वतःकडे ओढून घेतला होता. माझं नाव, बायकोचं नाव, खाली रेघ. तिचं बोट त्या रेघेवर थांबलं.

"अक्षर छान आलंय, बाबा," ती म्हणाली.

एवढंच. ती रागावली असती तर मी दोन शब्द बोललो असतो, माझं शास्त्र सांगितलं असतं. बायकोने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. पिंपाजवळचा पेला त्याच्या साखळीला उगाचच हलत होता.

"यात एक नाव राहिलंय," मी कारकुनाला म्हणालो. "घालायचंय."

"घाला की. आजपासून घालू?"

"आजपासून घातलं तर?"

"तर काहीच बिघडत नाही. दुसरा अलार्म खराच राहतो. पण राहून गेलेलं नाव म्हणून परवान्याच्या तारखेपासून घातलं, तर त्या दिवशी यांना परवानगी होती असं होईल. म्हणजे तो खोटा. म्हणजे तीन. तुम्ही आजपासूनच घाला."

मी त्याच्या हातातली लेखणी घेतली. मला माझं टेबल दिसत होतं, शिकंजा दिसत होता, बाराव्या मजल्यावरचा तो पलंगही दिसत होता. तो पलंग मी पाहिलेला नाही, पण मऊ असणार याची मला खात्री होती आणि मला मऊ पलंगावर झोप येत नाही. मी रेघेच्या खाली लेकीचं नाव लिहिलं. सावकाश लिहिलं. ती बघत असली की माझा हात अजून जड होतो.

"तारीख?" कारकुनाने विचारलं.

"पहिल्यापासूनची घाला."

"आजोबा, विचार करा. जोडणी बंद होईल. वर्षभर नवा परवाना नाही."

"होऊ द्या बंद. राहून गेलं होतं म्हटलं ना!"

त्याने ठणकन शिक्का मारला. "पुढचे!" या वेळी आम्हीच बाजूला झालो.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मी लेकीला विचारलं, "कधी निघायचं?"

"कुठे?"

"तुझ्याकडे. तीन झाले."

ती पायऱ्या उतरत होती. न थांबता म्हणाली, "तुमचे दोन झाले. मधला माझा."

"त्यांनी तीन धरले."

"धरू देत. मी नगरपालिका आहे का?"

बायको मागून म्हणाली, "आणि टेबलाची मापं?"

"टेबल मावत नाही," लेक म्हणाली. "शिकंजा दारातून जाणार नाही. भिंत फोडावी लागेल."

"तुझी भिंत कमकुवतच असणार," मी म्हणालो. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

त्या आठवड्यात माणूस येऊन तार कापून गेला. डब्या तशाच राहिल्या आहेत, बायको त्यांच्यावरचीही धूळ पुसते. मी दाराला नवं कुलूप केलं, माझ्या हातचं, आणि त्याच्या चार किल्ल्या कापल्या. एक माझी, एक बायकोची, एक लेकीची. चौथीसाठी बायकोने नुसता हात पुढे केला. मी दिली. समोरच्या वहिनी कुंड्यांना पाणी घालणारच आहेत, तर निदान चांगल्या किल्लीने घालोत.

लेकीची किल्ली मी सगळ्यात बारीक कानशीने घासली आणि पोस्टाने न पाठवता ती येईपर्यंत उशाशी ठेवली. पोस्टातली माणसं मला ठाऊक नाहीत. ती आली, किल्ली घेतली आणि म्हणाली, "बाबा, बाहेरून घालून बघते." ती बाहेर गेली. दार ओढून घेतलं. किल्ली आत गेली, गुळगुळीत, आणि पहिल्याच फेरीत कुलूप उघडलं. माझी मान ताठ झाली.

दार मात्र उघडेना. मी आतून कडी लावली होती.

"बाबा!"

"कोण आहे?" मी विचारलं.

"मी!"

"मी कोण?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, नाव घातलंय तिचं! काढा आता कडी!"